ब्रेक वाजतोय? ग्रीसचा डबा जरा बाजूला ठेवा

पावसाळ्यात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर सकाळी उभं राहिलं, तर बाहेर पडणाऱ्या कितीतरी गाड्यांचा पहिला ब्रेक खर्रकन वाजताना ऐकू येतो. मालक धास्तावतो, गॅरेजला फोन लावतो आणि पलीकडून गाडी न बघताच निदान येतं, ‘पॅड गेले असतील, घेऊन या.’ कधीकधी ते खरंही असतं. पण रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. पुढच्या चाकातली ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड जिथे घासतो त्या तिच्या तोंडावर रंग नसतो, मुलामा नसतो. असून चालणारही नाही. त्यामुळे ओल मिळाली की काही तासांतच तिच्यावर गंजाचा तांबूस थर चढतो. सकाळच्या पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये पॅड तो खरवडून काढतात आणि आवाज थांबतो. दुसऱ्या सिग्नलपर्यंत गाडी गप्प झाली, तर तिला काहीही झालेलं नाही.

उपनगरांत हा प्रकार जरा जास्तच. पश्चिमेला मनोरी आणि मालाडच्या खाड्या, पूर्वेला ठाण्याची खाडी. हवेत ओल आणि क्षार बारा महिने. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात पार्किंग उघड्यावर, आणि पहाटे गाडी पुसणारा पोऱ्या चाकांवर बादलीभर पाणी ओतून जातो ते वेगळंच. शिवाय एस. व्ही. रोड किंवा एल. बी. एस. मार्गावर ब्रेक दिवसभर लागतो, पण जोरात क्वचितच लागतो. नुसत्या हलक्या घासण्याने पॅडचं तोंड गुळगुळीत, चकचकीत होतं आणि असा चकाकलेला पॅड हमखास वाजतो. विजेच्या गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड डिस्कला फारसे लागतच नाहीत आणि गंज तसाच बसून राहतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर चार-दोन दमदार ब्रेक मारणं हेच औषध.

तेव्हा पहिला प्रश्न आवाज येतो का हा नसून कधी येतो, हा आहे.

ब्रेक दाबल्यावर येणारी बारीक, टोकदार किंचाळी घ्या. ओल्या बोटाने स्टीलचं ताट घासलं की ते कूं करतं, तसाच हा प्रकार: पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होऊ लागलं की सगळी जोडणी थरथरून गाऊ लागते. यात पॅड संपलेला असेलच असं नाही. चकाकलेला पॅड, पॅडमागची पातळ पत्र्याची शिम गायब होणं, पॅडना धरून डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या कोरड्या पडलेल्या पिना, धूळ, यातलं काहीही पुरतं. ग्रीस आणि साफसफाईचा उपयोग होतो तो मुख्यतः या आवाजाला.

दुसरी किंचाळी याहून वेगळी. गाडी चालू असताना, ब्रेकला पाय न लावताही ती चाकाच्या वेगाने चीं-चीं करत राहते आणि ब्रेक दाबला की बदलते किंवा बंद होते. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ दिलेली असते. पॅडचा मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. ही सूचना मुद्दाम बसवलेली आहे. तिला ग्रीस लावून गप्प करणं म्हणजे पेट्रोलच्या काट्यावर चिकटपट्टी लावणं. पॅड बदला. मात्र स्वस्तातल्या पॅडना ही जीभ नसते आणि मागच्या ड्रमच्या लायनरलाही नसते, म्हणून ओरड ऐकू आली नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही.

तिसरा आवाज लोखंडावर लोखंड घासल्याचा. जाड, खरखरीत, पावलाला पेडलमधून जाणवणारा, आणि दोन-चार ब्रेकनंतरही न जाणारा. इथे चर्चा थांबवायची. मसाला पूर्ण संपून पॅडची पाठ डिस्क कुरतडत असते. गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. पेडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर तेवढंही चालवू नका, टो करून न्या. पॅडचा खर्च वाचवण्यासाठी काढलेले चार दिवस डिस्कच्या खर्चाला पोचवतात.

बाकीचे आवाज किरकोळ, पण घाबरवणारे. सतत किर्र आवाज येतोय आणि वळणावर बदलतोय, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या ढालीमध्ये खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. मेट्रोची कामं चाललेल्या रस्त्यांवर हे नेहमीचं. कधी थोडं मागे-पुढे केल्यावर खडा आपोआप पडतो, कधी ढाल बोटाने जराशी वाकवावी लागते. खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड येते आणि ब्रेक हलका दाबून ठेवला की थांबते, तर पॅडच्या क्लिपा नाहीत किंवा पिना झिजल्या आहेत. (ही चाचणी घ्यायला लायक रस्ता शोधत आपल्याकडे फार लांब जावं लागत नाही.) आणि ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला सुटताना, ब्रेकवरचा पाय अर्धवट उचलल्यावर जो घुर्रर्र असा कण्हल्यासारखा आवाज येतो, तो बहुतांशी निरुपद्रवी. गाडी पुढे सरकू पाहते, पॅड धरून ठेवतात, त्या ओढाताणीचा तो आवाज. पाय सरळ उचला, जातो.

कुठल्या चाकातून आवाज येतो हे आत बसून कळणं अवघड, कारण आवाज गाडीभर फिरतो. रविवारी सकाळी एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर, काचा खाली करून, ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चला आणि हलका ब्रेक लावा. भिंत आवाज परत पाठवते. मग उलट दिशेने या, दुसरी बाजू कळेल. मागचं की पुढचं हे ओळखायला आणखी एक युक्ती आहे: कोरड्या, मोकळ्या आणि सपाट जागी ताशी दहाच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हलकेच वर ओढायचा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. आवाज तेव्हाच आला तर चोर मागे आहे. ओल्या रस्त्यावर हे करू नका, आणि बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मुळीच नको.

आता बघायचं. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलचा टॉर्च चाकाच्या आऱ्यांतून आत मारा. कॅलिपरच्या आत डिस्कच्या दोन्ही अंगांना पॅड दिसतील. पाठीचा लोखंडी पत्रा सोडून फक्त मसाला मोजा. नव्या पॅडला तो साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. बाहेरचा पॅड बघून समाधान मानणं ही नेहमीची चूक. कॅलिपरची पिन अडकली की दोन पॅड सारखे झिजत नाहीत, आणि कित्येकदा आतला पॅड संपलेला असताना बाहेरचा निम्मा शिल्लक दिसतो. अर्धा तास गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मायलेज पडणं आणि त्याच चाकावर काळी भुकटी जास्त साठणं हे त्याचेच सोबती.

झीज तिरकी किंवा असमान दिसली आणि मसाला पुरेसा उरलेला असेल, तर काम साफसफाईचं आणि ग्रीसचं. हातात पाना धरायची सवय असलेल्या माणसाला पुढच्या चाकांचं एवढं काम घरी जमतं. सवय नसेल, तरी पुढचं वाचून गॅरेजमध्ये शेजारी उभं राहता येईल, आणि तेवढ्यानेही बराच फरक पडतो. मागचे ड्रम मात्र गॅरेजवरच सोपवा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशांना मागे ड्रमच असतात, आणि त्यातल्या स्प्रिंगा घरी बसवताना बोटं आणि दुपार दोन्ही जातात.

गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, जॅक स्टँड लावा. जमीन सपाट हवी. पोडियम पार्किंगचा उतार चालणार नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठला भाग कसा होता हे बघायला दुसरी बाजू शाबूत राहते. (सोसायटीचे सेक्रेटरी आवारात दुरुस्ती चालवून घेतात का, हे आधी विचारलेलं बरं.)

बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो आणि पॅड बाहेर येतात. कॅलिपर पूर्ण काढावा लागला, तर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपर उघडा असताना पेडल कुणी दाबणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. आतली काळी भुकटी फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची तर अजिबात नाही. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. रबराचे भाग खराब होतात.

कॅलिपर ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात, तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. त्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने किंवा कानशीने लोखंड दिसेपर्यंत साफ करायचा. आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये हमखास गाळलं जातं तेही हेच. क्लिपेखाली गंज फुगला की ती वर उचलली जाते, पॅडला सरकायला जागा उरत नाही, तो डिस्कला घासत राहतो आणि वाजतो. इथे गंजावरच ग्रीस थापलं तर महिनाभर शांतता मिळते, पुढे परिस्थिती आणखी बिघडते. पॅडचे कान घासून साफ करा आणि पॅड हाताने ब्रॅकेटमध्ये सरकतो का ते बघा. हातोडी लागत असेल तर अजून साफ करायचं बाकी आहे. तोंड चकाकलेलं असेल, तर सपाट लाकडावर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने ती चमक मोडा.

मग पिना. कॅलिपर ज्या दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो, त्या रबरी बुटांतून बाहेर ओढा. काही गाड्यांत एका पिनेला टोकाशी रबराचं वेटोळं असतं, दुसरीला नसतं. वर-खाली अदलाबदल करू नका. जुनं, डांबरासारखं झालेलं ग्रीस पिनेवरूनही पुसा आणि भोकातूनही. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर पिन बदला. बूट फाटला असेल तर बूट बदला, नाहीतर पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत.

ग्रीस कुठलं हा प्रश्न इथे महत्त्वाचा, कारण गॅरेजमधल्या पिवळ्या-लाल डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस ब्रेकच्या पिनांना लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते पेट्रोलियमपासून केलेलं असतं. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलला सोसेल अशा जातीचं असतं, आणि खनिज तेल लागलं की फुगतं. फुगलेला बूट पिनेला आवळतो, म्हणजे पिन सरकावी म्हणून लावलेल्या ग्रीसनेच ती अडकते. सिलिकॉनचं, किंवा ज्यावर ब्रेक कॅलिपरसाठी आणि रबराला चालेल असं स्पष्ट लिहिलंय, तेच घ्या. छोटी ट्यूब कितीतरी वेळा पुरते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे हे ग्रीस नव्हे. ब्रेकच्या उष्णतेत तो उडून जातो.

लावायचं किती? पिनेवर बोटाने फिरवलेला एक पातळ थर. भोक ग्रीसने भरलं तर आतली हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. पॅडचे कान आणि क्लिपा जिथे भेटतात तिथे पुसटसं. पॅडच्या पाठीवर जिथे पिस्टन टेकतो आणि कॅलिपरची बोटं धरतात, फक्त तेवढ्या जागी थोडं. कंपन शोषायला शिम असेल तर ती जागेवर हवी. बस्स. पॅडचा मसाला आणि डिस्कचं तोंड या दोन ठिकाणी ग्रीसचा ठिपकासुद्धा नको. डिस्कला लागलं तर ब्रेक क्लीनरने पुसून निघतं. मसाल्यात मुरलं तर तो पॅड गेला, घासून वाचवायच्या फंदात पडू नका. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की तिथेही नियम हाच: मागच्या प्लेटवर ज्या उंचवट्यांवर ब्रेक शू सरकतात तिथे आणि अ‍ॅडजस्टरच्या आट्यांना थोडं, लायनरला आणि ड्रमच्या आतल्या अंगाला काही नाही.

नवे, जाड पॅड घालायचे असतील तर पिस्टन आत ढकलावा लागतो. बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल त्यामुळे वर येतं. उतू गेलं तर रंग खातं, म्हणून आधी बघून घ्या. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. सगळं जोडल्यावर कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने आवळा, नट समोरासमोरचे, गोल फिरत नव्हे. आणि गाडी हलवायच्या आधी, इंजिन सुरू करून पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड आणि पिस्टनमध्ये अंतर राहिलेलं असतं. हे विसरलं तर पहिला ब्रेक थेट फरशीला जातो, आणि समोर बहुधा शेजाऱ्याची गाडी असते.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा वाजतात, नवा वासही येतो. मागे कोणी नाही हे आरशात बघून, पन्नासच्या वेगावरून दहावर, न थांबता, असे मध्यम ताकदीचे ब्रेक थोड्या थोड्या अंतराने काही वेळा मारले की पॅड आणि डिस्कचं जमतं.

गॅरेजबद्दल. छोटं गॅरेज वाईट आणि कंपनीचं चांगलं, असं काही नसतं. माणूस कॅलिपरच्या पिना काढून दाखवतो का, यावर ते ठरतं. जुने पॅड हातात मागा. ‘डिस्क लेथवर मारून देतो’ म्हटलं तर आधी जाडी मोजायला सांगा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि लेथ मारल्यावर ती त्याखाली जाता कामा नये. आवाज घालवायला तापलेल्या डिस्कवर पाणी मारणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. सुटे भाग कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर स्वस्त मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून आरसा घ्या, दरवाजाचं हँडल घ्या, पण ब्रेक पॅड आणि लायनर अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलावर.

गाडी अंधेरी किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गेली, तर बाहेर पडल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून ब्रेक वाळवा. ड्रम वाळायला डिस्कपेक्षा जास्त वेळ घेतात, आणि तोवर ब्रेक कमी लागतो. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल, तर आत गाळ गेलेला असतो. आठवड्याच्या आत चारही चाकं उघडून साफ करून घ्या. पावसात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमला शू गंजाने चिकटतात. सपाट जागी गिअर टाका, चाकांना विटा लावा.

हे सगळं कधी करायचं, तर उपनगरातल्या कोकणी माणसासाठी उत्तर सोपं आहे: गणपतीला गावी निघायच्या दोन आठवडे आधी. पाच माणसं, मखराचं सामान, मागे सीएनजीची टाकी, आणि पुढे घाट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ची २०५ वरून १४०वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, आवाज येवो न येवो. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. तरीही जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं, तर खालचा गिअर टाकून गाडी कडेला घ्या, चाकांना दगड लावा आणि अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. पाणी नको, हँडब्रेक ओढणंही शक्यतो टाळा. पेडल पुन्हा कडक झालं तर सावकाश पुढच्या गावापर्यंत जा आणि तिथे ऑइल बदलून घ्या. झालं नाही, तर तिथूनच टो मागवा.